हैदराबादची सणासुदीची खरेदी : फसवणूक कशी होते आणि दाद कोठे मागावी

दसरा-दिवाळीचे वेध लागले, खरिपाचा पैसा हाती येऊ लागला आणि तुलसीविवाहानंतरच्या लग्नांच्या याद्या तयार होऊ लागल्या, की मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची पावले हैदराबादच्या बाजारपेठेकडे वळतात. हा परिपाठ आजचा नव्हे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे प्रथम हैदराबाद संस्थानाचे व पुढे हैदराबाद राज्याचे घटक होते. कचेरी, वरिष्ठ न्यायालय, महाविद्यालय आणि मोठी बाजारपेठ या सर्वांसाठी हैदराबाद हेच ठिकाण होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण लोहमार्ग होता तेथेच राहिला. नांदेड, देगलूर, बिलोली, उदगीर या भागांतील माणूस आजही रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी काचीगुड्यास उतरतो, दिवसभर पत्थरगट्टी, लाडबाजार, सुलतान बाजार येथे खरेदी करतो आणि रात्रीच परतीच्या गाडीत बसतो.

या एका दिवसाच्या खरेदीतच फसवणुकीचे मूळ आहे. गावच्या सराफाला गिऱ्हाईक उद्याही भेटणार असते, म्हणून तो शब्द राखून असतो. परगावच्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. तो घाईत असतो, भाषा पुरती जाणत नाही, सोबत बायकामुले असतात, आणि वस्तू वाईट निघाली तरी अडीचशे-तीनशे किलोमीटर परत येऊन भांडण्याचे बळ त्याच्यात नसते, हे काही विक्रेते पुरते ओळखून असतात. हैदराबादचे सर्व व्यापारी असे आहेत असे मुळीच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या नाव राखून असलेल्या पेढ्या तेथे आहेत. तथापि सणाच्या गर्दीत चांगल्या दुकानाच्या शेजारीच दुसरे दुकान थाटले जाते आणि रिक्षावाला किंवा वाटेत भेटलेला ‘मदतनीस’ गिऱ्हाइकाला नेमका त्या दुसऱ्या दुकानी नेऊन सोडतो. त्याची दलाली दुकानदार स्वतःच्या खिशातून देत नाही. ती वस्तूच्या किमतीत मिळवलेली असते.

मोत्यांचा व्यवहार

हैदराबादला समुद्र नाही, तरी मोत्यांचे शहर म्हणून त्याची ख्याती आहे. इराणच्या आखातातील मोती पूर्वी येथे येत, निवडले जात, त्यांना वेज पाडले जाई आणि निजामाच्या दरबाराच्या आश्रयाने त्यांना गिऱ्हाईक मिळे. बसरा मोती हे नाव त्या काळचे. १८९३ साली जपानमध्ये मिकीमोतो यांनी शिंपल्यात कृत्रिमरीत्या बीज सोडून अर्धगोल मोती तयार करून दाखविला. पुढील काही दशकांत पूर्ण गोल संवर्धित मोत्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि आखातातील नैसर्गिक मोत्यांचा व्यापार १९३० नंतर बसत गेला. आज दुकानांत दिसणारे बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांत वाढविलेले असतात. ते खोटे नव्हेत. शिंपल्यातच तयार झालेले असल्यामुळे त्यांना मोतीच म्हणावे लागते. पण तेच मोती ‘अस्सल बसरा’ म्हणून विकणे ही मात्र उघड फसवणूक होय, कारण जुन्या नैसर्गिक मोत्यांची किंमत संवर्धित मोत्यांच्या कितीतरी पट असते.

यासाठी तीन प्रकार मनात स्पष्ट ठेवावेत. नैसर्गिक मोती माणसाच्या हस्तक्षेपावाचून तयार होतो. संवर्धित मोत्यात बीज माणूस घालतो, परंतु त्यावरील थर शिंपल्यातील प्राणीच चढवितो. नकली मोती म्हणजे काचेचा अथवा प्लॅस्टिकचा मणी. त्यावर माशांच्या खवल्यांपासून काढलेल्या किंवा रासायनिक चमकदार द्रव्याचा लेप दिलेला असतो.

मोती दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहण्याची जुनी रीत आहे आणि तिला शास्त्रीय आधार आहे. शिंपल्याने चढविलेला थर चुनखडीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा बनलेला असतो. त्यामुळे तो दाताला किंचित खरखरीत लागतो. लेप दिलेला मणी बहुधा गुळगुळीत लागतो. मोत्याचे वेज भिंगातून पाहिले असता नकली मण्याच्या वेजाच्या कडेला लेप उडालेला किंवा सोललेला दिसतो. सरातील प्रत्येक मोती आकाराने, रंगाने व पाण्याने तंतोतंत सारखा असेल आणि किंमत मात्र अल्प असेल, तर शंका घेण्यास निश्चित जागा आहे. मात्र या परीक्षांची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. त्यांनी नकली मोती वेगळा करता येतो. नैसर्गिक आणि संवर्धित यांतील भेद डोळ्यांनी किंवा दातांनी कळत नाही, त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. काही दुकानदार मोत्याखाली काडी पेटवून धरतात आणि ‘पाहा, जळत नाही’ असे सांगून गिऱ्हाइकाला जिंकतात. त्याने फार तर प्लॅस्टिकचा मणी ओळखता येईल. शिवाय उष्णतेने खऱ्या मोत्याचेही पाणी बिघडू शकते, तेव्हा स्वतःच्या मोत्यांवर हा प्रयोग कोणासही करू देऊ नये.

आणखी एक हातचलाखी ओवणीच्या वेळी होते. निवडलेले मोती ओवण्यासाठी आतल्या खोलीत पाठविले जातात आणि बाहेर येतो तो सर दुसऱ्याच मोत्यांचा असतो. मोती मोजून, वजन करून ते बिलावर लिहून घ्यावे आणि ओवणी डोळ्यांसमोर करवून घ्यावी. राहता राहिली ‘पन्नास टक्के सूट’. मोत्यावर छापील कमाल किंमत नसते. ज्या वस्तूची मूळ किंमतच दुकानदार ठरवितो, तिच्यावरील सवलतीच्या टक्केवारीस काहीही अर्थ नाही. त्याच वजनाचा व प्रतीचा सर दोन-तीन दुकानांत विचारून पाहणे हीच एकमेव कसोटी आहे.

सोने आणि हॉलमार्क

सोन्याच्या बाबतीत ग्राहकाची स्थिती मोत्यांच्या मानाने पुष्कळच बरी आहे, कारण येथे कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे. दागिन्यांवर हॉलमार्क करण्याची योजना २००० साली ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची ओळखखूण नसलेला हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. दागिन्यावर तीन खुणा असावयास पाहिजेत : भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरे व अंक मिळून झालेली स्वतंत्र ओळखखूण. २२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५० आणि १४ कॅरेटसाठी ५८५ हे आकडे असतात. ९१६ याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. ओळखखूण प्रत्येक दागिन्याची निराळी असते व ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील सुविधेत ती घातली असता दागिन्याचा प्रकार, शुद्धता व तो कोठे तपासला गेला ही माहिती दिसते. दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, हे करावे. घरच्या वडीलधाऱ्यांना ते जमत नसेल तर शाळेत जाणारा मुलगा अथवा मुलगी हे काम दोन मिनिटांत करू शकते.

एवढे करूनही सोने कमी प्रतीचे निघाले तर? समजा, २२ कॅरेट म्हणून घेतलेला २० ग्रॅमचा दागिना तपासणीत १८ कॅरेटचा ठरला. शुद्धतेतील फरक हजारी १६६ भागांचा, म्हणजे २० ग्रॅममागे ३.३२ ग्रॅम शुद्ध सोने कमी पडले. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांनुसार हॉलमार्क केलेला दागिना असा निघाल्यास ग्राहकाला या तुटीच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळू शकतो. तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात कोणीही सामान्य ग्राहक आकार भरून करवून घेऊ शकतो.

परंतु हैदराबादच्या खरेदीत खरी गोम वेगळीच आहे. येथील नामांकित कारागिरी जडावाची व कुंदनाची, आणि कुंदन, पोलकी व जडाव हे प्रकार सक्तीच्या हॉलमार्कमधून वगळलेले आहेत. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या जिनसा व लहान उलाढालीचे दुकानदारही वगळलेले आहेत. जडावाच्या दागिन्यात आतून लाख भरलेली असते, वर खडे बसविलेले असतात, खाली मोत्यांचे झुबके असतात. असा हार काट्यावर ४० ग्रॅम भरला आणि त्यांपैकी ६ ग्रॅम लाख, खडे व मोती असले, तर सोने ३४ ग्रॅमच. दर मात्र चाळिसाला लावला जातो आणि मोत्या-खड्यांची किंमत वर वेगळी धरली जाते. एकाच लाखेचे पैसे सोन्याच्या भावाने दिले जातात, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येते ते पुढे दागिना मोडावयास नेल्यावर. म्हणून बिलावर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, घट आणि कर हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. तोळ्याच्या हिशेबात बोलू नये. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, तर आज पुष्कळ सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. भाव एका तोळ्याचा आणि वजन दुसऱ्या तोळ्याने असा घोळ होऊ शकतो.

साड्या, मिठाई आणि नुमाइश

नारायणपेठ साडी महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. ते गाव आज तेलंगणात आहे. पोचमपल्लीची इकत साडीही लग्नाच्या याद्यांत असते. या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि दोन्हींच्या यंत्रमागावरील किंवा छापील नकला बाजारात भरपूर आहेत. इकतमध्ये सूत विणण्याआधीच बांधून रंगविलेले असते, त्यामुळे नक्षी कापडाच्या दोन्ही अंगांस सारख्याच रंगाची दिसते आणि तिच्या कडा किंचित फिसकटलेल्या असतात. छापील साडीची पाठ फिकी असते व नक्षीच्या कडा रेखीव असतात. रेशमाची परीक्षा करावयाची झाल्यास पदराच्या दशीतील एक धागा जाळून पाहावा : खऱ्या रेशमाला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटांत चुरडली जाते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ या खुणा आहेत. त्या पाहून घ्याव्यात.

मिठाईच्या बाबतीत दोनच गोष्टी. पुठ्ठ्याचा डबा मिठाईबरोबर तोलला जातो आणि डब्याचे वजन काजूकतलीच्या भावाने विकले जाते. वैध मापनशास्त्राच्या कायद्यानुसार ग्राहकाला निव्वळ वजन मिळाले पाहिजे, म्हणून रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणण्यास सांगावे. दुसरे, सुट्या मिठाईच्या तबकापुढेही ती कोणत्या दिवसापर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून आवश्यक केलेले आहे.

नवीन वर्षाच्या आरंभी हैदराबादेस नामपल्लीच्या मैदानावर भरणारे औद्योगिक प्रदर्शन ‘नुमाइश’ या नावाने सर्वश्रुत आहे. १९३८ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनास संक्रांतीच्या सुटीत बाहेरगावचे लोक मोठ्या संख्येने जातात. काश्मिरी शालीपासून लोणच्यापर्यंत देशभरचा माल एका मैदानावर मिळतो, ही सोय खरीच. पण प्रदर्शन उठले की गाळाही उठतो. बिल घेताना त्यावर विक्रेत्याचा कायमचा पत्ता व कराचा नोंदणी क्रमांक आहे की नाही हे पाहिले नाही, तर पुढे तक्रार करावयाची कोणाविरुद्ध, हाच प्रश्न उभा राहतो. गावच्या जत्रेतही हाच नियम लागू आहे.

सोडतीच्या योजना

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत दसऱ्याच्या सुमारास एक निराळा व्यवहार फोफावतो. एजंट सभासद गोळा करतो. दरमहा हप्ता, दरमहा सोडत, ज्याचे नाव निघेल त्याला दुचाकी व पुढील हप्ते माफ, आणि शेवटी उरलेल्या सर्वांना भरलेल्या रकमेइतकी भांडी अथवा विजेची उपकरणे. ‘कोणाचेच नुकसान नाही’ असे हे आमिष असते. शाळेतील मुलांकडून सोडवून घ्यावा असा हा हिशेब आहे. पाचशे सभासद, हजार रुपयांचा हप्ता, वीस महिने. दर महिन्याला एक सभासद सुटतो : पहिला एक हजार भरून, दुसरा दोन हजार भरून, अशा वीस जणांचे मिळून २ लाख १० हजार रुपये जमतात. उरलेले ४८० जण प्रत्येकी वीस हजार भरतात. ते ९६ लाख. एकूण जमा ९८ लाख १० हजार. आता खर्च पाहू. दुचाकी ८० हजारांची धरली तर वीस दुचाक्यांचे १६ लाख आणि ४८० जणांना प्रत्येकी वीस हजारांच्या वस्तू म्हणजे ९६ लाख. एकूण १ कोटी १२ लाख. जवळजवळ १४ लाखांची तूट, आणि यात एजंटांचे कमिशन, छपाई, मंडपाचा खर्च धरलेलाच नाही. ही तूट भरून काढण्याचे दोनच मार्ग संभवतात : बारा हजारांची वस्तू वीस हजारांची म्हणून गळ्यात मारणे, किंवा अखेरच्या महिन्यांत दुकानाला कुलूप लावणे.

अशा योजनांवर १९७८ च्या बक्षीस चिट व पैसा फिरवाफिरव योजना बंदी अधिनियमानेच बंदी घातलेली आहे. नोंदणी झालेल्या चिट फंडांची व्यवस्था वेगळी असून ती १९८२ च्या कायद्याखाली चालते. एजंट बहुधा गावचाच, ओळखीचा, कधी नात्यातला असतो आणि त्यामुळे पैसे बुडाल्यावर तक्रार करण्यास लोक कचरतात. ग्रामसेवक, तलाठी आणि शिक्षक यांनी गावात पावतीपुस्तक फिरू लागताच पोलिसांस कळविले तर पुष्कळांचे पैसे वाचतील.

मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीबाबत एक-दोन गोष्टींचाच उल्लेख येथे पुरे. पैसे मिळण्यासाठी गुप्त क्रमांक घालावा लागत नाही; जो तो घालण्यास किंवा चौकोनी चिन्हावर कॅमेरा धरण्यास सांगतो, तो पैसे देत नसून घेत असतो. पैसे गेलेच तर लाजून बसू नये. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून काढून घेतली जाण्यापूर्वी ती गोठविता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

दाद कोठे मागावी

आता मुख्य मुद्दा. हैदराबादेत घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर नांदेड जिल्ह्यातील माणसाने काय करावे? १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रार सामान्यतः जेथे विक्रेता असेल किंवा जेथे व्यवहार घडला असेल तेथील मंचाकडे करावी लागे. प्रत्येक तारखेस रेल्वेचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा विचार करून बहुतेक लोक मुकाट्याने नुकसान सोसत. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने हा अडसर दूर केला. त्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे उपजीविकेसाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे देगलूरच्या शिक्षकाने पत्थरगट्टीत मोती घेतले असले, तरी तो नांदेडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाऊ शकतो आणि हजर राहण्याची पाळी हैदराबादच्या दुकानदारावर येते. या तरतुदीची माहिती अद्याप खेड्यांपर्यंत पोचलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वस्तूपोटी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. साध्या कागदावर, काय घेतले, केव्हा, किती रुपयांस, दोष कोणता आणि मागणी काय, एवढे स्पष्ट लिहून त्यासोबत बिलाची प्रत व शपथपत्र जोडावे. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक असेल तर आयोग ती करवून घेतो. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांची, तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत सुचविली आहे. प्रत्यक्षात विलंब होतो हे नाकारता येणार नाही. म्हणूनच आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. तेथे मराठीतूनही बोलता येते आणि काही प्रकरणे एवढ्यावरच मिटतात.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरील वाक्य वाचून पुष्कळजण माघार घेतात. तसे करण्याचे कारण नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा होय. ‘बिल नको म्हणाल तर कर वाचेल’ असे सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा कर वाचवीत नसतो, स्वतःविरुद्धचा पुरावा वाचवीत असतो.

तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. येथे एक बारीकशी अडचण उद्भवते. हल्ली बहुतेक दुकानांतून मिळणारे बिल उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असते. ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेल्या अशा बिलावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात आणि आयोगापुढे कोरा कागद सादर करण्याची वेळ येते. गावी परतल्यावर त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढून तिच्यावर खरेदीची तारीख शाईने लिहावी आणि मूळ बिल तिलाच टाचून ठेवावे.